सम कुठे चुकते?

पहाटे साडेपाचला चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायचं आणि ललत लावायचा, हा बाबांचा निवृत्तीनंतरचा नेम. कॅसेटच्या काळात खटका दाबला की चक्र्या फिरायला लागायच्या. आता फोनवर बोट टेकवलं की पडद्यावर गोल चकरी फिरायची. दहा सेकंद, पंधरा सेकंद. मग तानपुरा ऐकू यायचा. विलंबित एकतालाची चार आवर्तनं सुखरूप पार पडायची आणि पाचव्यात, मुखडा उचलून गायक समेकडे निघालेला असताना, सगळं गप्प व्हायचं. "अगं, गवई कुठे गेला?" बाबा स्वयंपाकघराच्या दिशेने विचारायचे. दोन-तीन सेकंदांनी गवई परत यायचा, सम गाठायचा, पण तोवर मांडीवर ताल धरणारा बाबांचा हात थांबलेला असायचा.

गवई कुठे जातो हे शोधण्यात माझा एक पावसाळा गेला. हल्ली बऱ्याच घरांत असा साठा असतो आणि बऱ्याच घरांत तो असाच अडखळतो, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आमचा साठा म्हणजे बाबांच्या तीनशे कॅसेटी आणि दीडेकशे सीडी. त्यात बाजारात मिळणारं संगीत आहेच, पण नातेवाइकांच्या घरी झालेल्या बैठकी, गणेशोत्सवातली गाणी, कुणीतरी सतरंजीवर टेपरेकॉर्डर ठेवून केलेली ध्वनिमुद्रणंही आहेत. हे सगळं दीड वर्ष खपून आम्ही संगणकावर उतरवलं. त्यात काकांची नाट्यगीतं आणि सगळ्यांची चित्रपटगीतं मिळवली आणि हे सारं नेटवर्क स्टोरेजच्या एका यंत्रात ठेवलं. बाजारात त्याला नॅस म्हणतात, आमच्या घरात नुसता 'डबा'. आत दोन हार्ड डिस्क, बेताचा प्रोसेसर, थोडी रॅम. म्हणजे खरं तर तो एक छोटा संगणकच असतो. तो राउटरशी जोडलेला राहतो आणि घरातला कुठलाही फोन, लॅपटॉप किंवा टीव्ही त्याच्याकडे फाइल मागू शकतो.

गाणं अडखळायला लागल्यावर इंटरनेटवाल्याने मोठा प्लॅन घ्यायला सांगितलं. आम्ही घेतला. काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. डब्यातलं गाणं राउटरपर्यंत येतं आणि राउटरवरून फोनकडे जातं. घराचा उंबरा ते ओलांडतच नाही. बाहेरून येणारी तार उपटून ठेवली तरी ते वाजतं. घरातल्या घरात डब्यावरून गाणी ऐकणाऱ्याने यासाठी इंटरनेटवर एक रुपयाही जास्त खर्च करू नये, हे मी आता ठामपणे सांगते.

मग घरातली वाट अरुंद आहे का? हिशोब करून पाहू. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हापासून तिचं माप ठरलेलं आहे: आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा आणि उजवा असे दोन प्रवाह. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट येतात, म्हणजे साधारण १.४ मेगाबिट. आम्ही गाणी फ्लॅक या स्वरूपात ठेवली आहेत. फ्लॅक २००१ पासून वापरात आहे. त्यात आवाजातलं काहीही न गमावता फाइल साधारण निम्मी-पाऊणपट होते. काही दुर्मीळ कॅसेटी आम्ही जास्त बारकाईने, २४ बिट आणि ९६,००० नमुने अशा मापाने उतरवल्या. त्या न दाबताही सेकंदाला साधारण ४.६ मेगाबिटांत बसतात. याउलट जुन्यातलं जुनं, स्वस्तातलं स्वस्त राउटर तारेवरून सेकंदाला १०० मेगाबिट नेतं. तासाभराच्या ख्यालाची फाइल साडेतीनशे मेगाबाइटची धरली तर या 'हळू' तारेवरून ती अर्ध्या मिनिटात पूर्ण उतरते. तासभर ऐकायचं गाणं अर्ध्या मिनिटात पोचत असेल तर वाट अरुंद आहे असं कसं म्हणायचं?

इथेच माझी समजूत बदलली. वेग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रुंदी येते: किती मेगाबिट, किती मोठा पाइप. गाण्याला रुंदी फार थोडी लागते. त्याला लागतं ते वेळेवर पोचणं. मालाने भरलेला ट्रक तासाला एकदा आला तरी महिन्याचा किराणा घरी पडतो, पण ठेका तसा देता येत नाही. तबलजीने अर्ध्या आवर्तनाचे बोल राखून ठेवले आणि मग एकदम वाजवले, तर बोल सगळे झाले, गाणं मात्र झालं नाही. म्हणून संगीत अडखळतं तेव्हा रुंदीऐवजी खोळंबा शोधायचा: डब्यातून निघून कानापर्यंत येताना कोण, कुठे, किती वेळ वाट पाहत बसलंय?

हा खोळंबा झाकण्यासाठी प्रत्येक प्लेअरजवळ एक बफर असतो. आपल्याकडे नळाला पाणी सकाळी तासभर येतं, तरी मोरीतला नळ दिवसभर चालतो, कारण गच्चीवर टाकी असते. बफर म्हणजे ती टाकी. वाजवायचं गाणं थोडं आधीच आणून भरून ठेवायचं, मधे पुरवठा थांबला तर टाकीतलं वापरायचं. टाकी काही सेकंदांची असेल तर तेवढा खोळंबा ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. खोळंबा त्याहून लांबला की नळ कोरडा. म्हणून प्लेअरच्या सेटिंगमध्ये बफर वाढवता येत असेल तर तो आधी वाढवावा. रोग जात नाही, पण दुखणं पुष्कळ कमी होतं.

याच टाकीने मला पहिला धागा दिला. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून घेतलेली गाणी कधीच मधे थांबायची नाहीत. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच आहे. एवढी छोटी फाइल प्लेअर सुरुवातीलाच पूर्ण उतरवून घेतो, आणि मग वाटेत काहीही झालं तरी तिला धक्का लागत नाही. लांब ख्याल मात्र सबंध वेळ वाटेवर अवलंबून राहतो. सुरुवातीची चकरी मात्र दोन्हींना सारखीच फिरायची. म्हणजे उशिरा सुरू होणं हा एक आजार आणि मधे थांबणं हा दुसरा. आम्ही दोन्हींना 'स्लो आहे' असं एकच नाव देऊन बसलो होतो, म्हणून औषध सापडत नव्हतं.

उशिरा सुरू होण्याचं कारण सोपं निघालं. डबा झोपलेला असायचा. हार्ड डिस्कमध्ये धातूचा थर दिलेल्या चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांनी फिरत असतात. बराच वेळ कुणी काही मागितलं नाही की वीज वाचवायला डबा त्या थांबवतो. पहाटे साडेपाचला पहिलं गाणं मागितलं की आधी मोटर चकत्यांना पूर्ण वेग देणार, मग वाचणारं डोकं जागेवर येणार, मग फाइल. यात दहाएक सेकंद सहज जातात. काही डबे वीजपुरवठ्यावर एकदम ताण नको म्हणून दोन डिस्क एकीमागून एक उठवतात, त्यात आणखी वेळ जातो. ओळखायची खूण म्हणजे पहिल्या गाण्याला उशीर होतो, त्यानंतर लगेच लावलेलं दुसरं गाणं तत्काळ सुरू होतं. डब्याला कान लावला तर चकत्या वेग घेतानाचा चढता आवाजही ऐकू येतो.

उपाय म्हणजे झोपेची वेळ बदलणं. आमच्या डब्यात वीस मिनिटांची होती, ती आम्ही तीन तास केली आणि पहाटे सव्वापाचला डिस्कवरची एक फाइल वाचण्याचं काम वेळापत्रकात घातलं. बाबा खुर्चीत बसतात तोवर चकत्या फिरत असतात. अजिबात झोपू न देण्याचाही पर्याय आहे. मोठ्या आकाराच्या दोन डिस्क रिकाम्या फिरताना मिळून साधारण दहा वॅट घेतात. महिन्याला सातेक युनिट होतात. ज्यांच्या घरी दिवसभर गाणं चालतं त्यांनी हा खर्च करावा. सारखी झोप-जाग डिस्कलाही चांगली नाही.

उशिराची आणखी दोन कारणं फाइलच्या आतच दडलेली असू शकतात. मी हौसेने कॅसेटींची मुखपृष्ठं मोठ्या मापात स्कॅन करून प्रत्येक फाइलमध्ये घातली होती. एकेक चित्र आठ-नऊ मेगाबाइटचं. फ्लॅकमध्ये नाव, गायक, चित्र ही माहिती आवाजाच्या आधी असते. त्यामुळे प्लेअरला स्वरापर्यंत पोचण्याआधी ते चित्र ओलांडावं लागतं. चित्रं लहान केली आणि मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले. दुसरं कारण एम-फोर-ए फाइलींचं. त्यांत कुठला तुकडा कुठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका कधीकधी फाइलच्या शेवटी असते. प्लेअर आधी शेवटाला जातो, ती वाचतो आणि परत सुरुवातीला येतो. ती अनुक्रमणिका पुढे आणून ठेवणारी मोफत साधनं मिळतात, आवाजाला हात न लावता काम होतं.

मधे थांबण्याचा आजार जास्त गुंतागुंतीचा, आणि त्यातला मोठा वाटा वायफायचा.

वायफाय म्हणजे हवेतली तार असं आपण समजतो, तिथेच चूक होते. तारेवर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलता येतं आणि ती तार आपल्या एकट्याची असते. हवा सगळ्यांची आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं आणि पुन्हा बोलावं लागतं. यात आपल्या घरातली यंत्रं तर आलीच, पण भिंतीपलीकडच्या जोश्यांचं आणि वरच्या मजल्यावरचंही राउटर आलं. आमच्या इमारतीत फोनवर पाहिलं तर एकोणीस नेटवर्कं दिसत होती. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. म्हणजे एकोणीस घरांनी तीन गल्ल्या वाटून घ्यायच्या. त्याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि त्यातून थोडी गळती होते. दूध गरम करताना गाणं तुटत असेल तर तो योगायोग समजू नये. त्याच पट्ट्यात ब्लूटूथही आहे. फोनने एका बाजूने वायफायवर गाणं घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूने ब्लूटूथ स्पीकरला द्यायचं, हा आपल्या घरांतला सर्रास प्रकार. पुष्कळ फोनांत या दोन्ही कामांसाठी वेळ वाटून घ्यावा लागतो, आणि त्या ओढाताणीत टाकी रिकामी होते.

त्यातून हरवलेला तुकडा पुन्हा मागवावा लागतो, आणि नेटवर्कचा नियम असा की आधीचा तुकडा आल्याशिवाय पुढचे प्लेअरच्या हाती द्यायचे नाहीत. पंगतीत भात वाढल्याशिवाय वरण वाढता येत नाही, तसं. वरणाचं भांडं घेऊन वाढपी उभा आहे, पण भातवाला कुठेतरी अडकला आहे. एक तुकडा हरवला म्हणून मागचे शंभर खोळंबतात ते असे.

आमच्या घरात याहून मोठी चूक होती. डबा दिसायला नको म्हणून आम्ही तो आतल्या खोलीत लोखंडी कपाटाच्या मागे ठेवला होता आणि वायफायनेच राउटरला जोडला होता. म्हणजे गाण्याचा प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जायचा: डब्याकडून राउटरकडे आणि राउटरकडून फोनकडे. तीच गल्ली, दुप्पट वर्दळ, आणि मधे लोखंड. आतल्या विटांच्या भिंती आणि सिमेंटचे खांब होतेच. डबा उचलून राउटरशेजारी आणला आणि तारेने जोडला, तेव्हा निम्मी वर्दळ एका क्षणात संपली. या सबंध लेखातला एकच उपाय करायचा असेल तर हा करा. ऐकणारा फोन वायफायवर असू दे, पण डबा तारेवर असलाच पाहिजे.

त्यानंतर फोनला ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आणलं. तिथे गल्ल्या जास्त आहेत, पण त्या लहरी भिंतीतून फार पुढे जात नाहीत. म्हणून राउटर आणि ऐकण्याची जागा यांच्यामध्ये एखादीच भिंत असावी. राउटर जमिनीवर, टीव्हीच्या मागे किंवा आरशाजवळ नसावा. घर मोठं असेल आणि मधे सिग्नल पुढे ढकलणारी यंत्रं बसवली असतील तर लक्षात ठेवा, ती आपसात हवेतूनच बोलत असतील तर प्रत्येक टप्प्याला तोच तुकडा पुन्हा हवेत सोडला जातो. शक्य तिथे त्यांनाही तार द्यावी.

खोळंबा मोजायचा कसा? प्रत्येक संगणकावर पिंग नावाची साधी आज्ञा असते. ती डब्याला हाक मारते आणि 'ओ' यायला किती वेळ लागला ते सांगते. तारेवरून उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येतं, वायफायवरून दोन ते दहा. पाच मिनिटं हाका मारत राहायचं आणि आकड्यांची रांग वाचायची. सरासरीवर जाऊ नका. तीन, चार, तीन, पाच, तीन, आणि मग एकदम आठशे. तो आठशे म्हणजे आपली चुकलेली सम. आमच्या आतल्या खोलीतून असे आकडे मिनिटाला दोन-तीनदा दिसत होते.

तार लावली म्हणजे सगळं झालं असंही नाही. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ बारीक तारा, चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. एखादी तार तुटली तर जोडणी खालच्या वेगावर घसरते, गाण्याला तेही चालतं. वाईट प्रकार अर्धवट तुटलेल्या तारेचा, नीट न दाबलेल्या पिनेचा, उंदराने कुरतडलेल्या वेष्टणाचा. तिथे जोडणी मधूनच सुटते आणि पुन्हा जुळते. त्या जुळणीत काही सेकंद जातात. खोबणीजवळचा दिवा विझून पुन्हा लागताना दिसला तर केबल बदला. दोन-तीनशे रुपयांत होणारं काम आहे. महागड्या, 'संगीतासाठी खास' म्हणून विकल्या जाणाऱ्या नेटवर्क केबलींवर पैसे घालू नयेत. साधी धड केबल तुकडे जसेच्या तसे पोचवते, आणि पोचलेल्या तुकड्याला केबलची किंमत आठवत नाही.

एवढं करूनही महिन्यातून काही पहाटे गाणं अडायचंच. अशा पहाटे, सव्वापाचचं काम वेळापत्रकात घालण्याआधीसुद्धा, एक विचित्र गोष्ट दिसायची: गाणं झटकन सुरू व्हायचं आणि मग मधे अडायचं. झटकन सुरू होतंय म्हणजे डिस्क आधीच जागी आहे. जागी का? आदल्या दिवशी घरात लग्न किंवा मुंज झालेली असायची. रात्री चार्जिंगला लावलेले चार फोन शेकडो फोटो डब्यात उतरवत होते, आणि डबा पहाटेपर्यंत प्रत्येक फोटोची छोटी प्रत बनवत, चेहरे ओळखत बसलेला. हार्ड डिस्कमध्ये वाचणारं डोकं एकच हालचाल करू शकतं. फोटोकडे धाव, गाण्याकडे धाव, पुन्हा फोटोकडे. प्रत्येक उडीला दहा-पंधरा मिलिसेकंद. त्यातच प्रोसेसर शंभर टक्के व्यग्र. फोटोचं काम आम्ही दुपारी दोनला लावलं. बॅकअप, डिस्कची नियमित तपासणी, विषाणूशोध ही डब्याची सगळी जड कामं कुठल्या वेळेला लागली आहेत ते एकदा पाहून घ्यावं. फोन फ्लॅक वाजवू शकत असताना डबा उगीचच प्रत्येक गाणं एमपीथ्रीमध्ये बदलून पाठवत नाही ना, हेही पाहावं. लहान प्रोसेसरला तो भार सोसत नाही आणि फ्लॅक ठेवण्याचा हेतूही संपतो. पडदा बंद झाला की काही वेळात गाणं थांबत असेल तर डबा निर्दोष आहे. बॅटरी वाचवायला फोननेच प्लेअरला झोपवलेलं असतं. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला सूट द्यावी लागते.

तिसरी तक्रार बाबांची नव्हती, माझ्या भाच्याची होती: यादीच उघडत नाही. नऊ हजार फाइली. त्याचा प्लेअर डब्यातलं फोल्डर थेट उघडून प्रत्येक फाइलला नाव, गायक, राग विचारत बसायचा. फाइल उघड, लांबी सांग, सुरुवात वाच, आणखी थोडं वाच, बंद कर. एका फाइलला निदान पाच प्रश्नोत्तरं. वायफायवर एकाला चार मिलिसेकंद धरले तरी नऊ हजारांना तीन मिनिटं, आणि डिस्कच्या उड्यांची आणखी तेवढीच. इथे रुंदी कितीही असली तरी उपयोग नाही, कारण प्रश्न चिमुकले आहेत आणि एकामागून एक विचारले जातात.

यामागे थोडा इतिहास आहे. फोल्डर नेटवर्कवरून उघडण्याची जी एसएमबी पद्धत आपण वापरतो तिचा उगम १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये झाला. पुढे ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी ती युनिक्सवर आणली आणि सांबा हा मुक्त प्रकल्प उभा राहिला. घरगुती डब्यांपैकी पुष्कळांच्या पोटात आजही सांबाच असतो. एसएमबीची पहिली आवृत्ती फार बोलघेवडी होती, शंभराहून जास्त आज्ञा होत्या. २००६च्या सुमारास विंडोज व्हिस्टाबरोबर दुसरी आवृत्ती आली तेव्हा त्या १९वर आल्या आणि अनेक प्रश्न एका गठ्ठ्यात विचारायची सोय झाली. जुना मीडिया प्लेअर पहिल्याच आवृत्तीवर अडून असेल तर तो हळू तर चालतोच, शिवाय घराचं दार उघडं राहतं. २०१७ साली जगभर पसरलेला वॉनाक्राय हा संगणक-विषाणू याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून शिरला होता. डब्यात ती बंदच ठेवावी.

यादीवरचा खरा उपाय म्हणजे प्रश्न विचारण्याचं काम डब्यालाच देणं. जेलीफिन, नॅव्हिड्रोम यांसारखे मोफत सर्व्हर डब्यातच बसवता येतात. ते एकदा सगळ्या फाइली वाचून आपली वही तयार करतात आणि फोनने 'मालकंस' म्हटलं की वहीतून एका उत्तरात यादी देतात. ग्रंथपालाला विचारावं की स्वतः नऊ हजार पुस्तकं उघडून पाहावीत, एवढा हा फरक. वही ठेवायला एखादी लहान एसएसडी डब्यात असेल तर फारच उत्तम.

जाणकार श्रोत्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. सीडीवर आलाप, जोड, झाला हे सलग वाजलेले असतात, पण वेगवेगळे ट्रॅक म्हणून कापलेले असतात. एक ट्रॅक संपून दुसरा सुरू होताना क्षणभर रिकामी जागा पडते आणि आपण पुन्हा नेटवर्कला दोष देतो. तो दोष प्लेअरचा असतो. पुढची फाइल त्याने आधीच उघडून ठेवायला हवी. सेटिंगमध्ये 'गॅपलेस' शोधा. एमपीथ्रीच्या आगेमागे स्वरूपामुळेच थोडी शांतता चिकटते, फ्लॅकला ती अडचण नाही.

आणि शेवटचा प्रकार, ज्याच्याकडे दुर्लक्ष करू नये असं मी कळकळीने सांगते. गाणं दर वेळी वेगळ्या जागी अडलं तर दोष वाटेचा. दर वेळी त्याच गाण्यात, त्याच जागी अडलं, तर दोष फाइलचा किंवा डिस्कचा. डिस्कचा एखादा कोपरा वाचता येईनासा झाला की ती तोच कोपरा पुन्हा पुन्हा वाचून पाहते. डब्यांसाठी बनवलेल्या डिस्क सहसा सातेक सेकंदांत हार मानतात, म्हणजे जोडीच्या डिस्कवरून तो तुकडा घेता येतो. साध्या संगणकाच्या डिस्क बराच वेळ झटत राहतात आणि तोवर सगळं ठप्प. डब्याच्या आरोग्य-अहवालात स्मार्ट या नावाखाली बदललेले आणि प्रलंबित सेक्टर यांचे आकडे असतात. ते शून्यावरून वाढायला लागले की दुरुस्तीच्या मागे लागू नका. आधी सगळं दुसरीकडे उतरवा.

आमच्याकडे हे १९८४ सालच्या एका बैठकीच्या फाइलमध्ये दिसलं. आत्याच्या घरी झालेली, मारुबिहाग, चौदाव्या मिनिटाला थांबायची, रोज. जागा वाचावी म्हणून दोन डिस्क आम्ही एकमेकींच्या प्रती न ठेवता वेगळ्या वापरल्या होत्या, आणि ही फाइल एका जुन्या संगणकातून काढलेल्या डिस्कवर होती. आता दोन्ही नव्या आहेत, एकमेकींच्या प्रती आहेत, आणि तिसरी प्रत आत्याकडे सांगलीला असते. एक डिस्क जळाली तर दुसरी वाचेल, पण घरात पाणी शिरलं तर दोन्ही जातील. जुन्या डिस्कवरचं बाकी सगळं उतरलं. त्या फाइलीतली अकरा मिनिटं गेली.

माळ्यावर कॅसेटींचं खोकं होतं. टाकून देऊ या असं मी दोनदा म्हटलं होतं आणि बाबांनी दोन्ही वेळा ऐकलं नव्हतं. कॅसेट काढली, पेन्सिल घालून पट्टी ताणून घेतली, डेकचं डोकं स्पिरिटने पुसलं आणि एका रविवारी दुपारी पंखा बंद करून आम्ही दोघं पहिल्यापासून ऐकायला बसलो. चौदावं मिनिट आलं. तबलजीने तिहाई घेतली, गाणं समेवर आलं, मागे कपबशीचा आवाज झाला आणि कुणीतरी पुरुषी आवाजात "वा!" म्हणालं. बाबांचा हात मांडीवर थांबला. "दादा," ते म्हणाले. त्यांचे थोरले भाऊ जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती.